लाइट गेली की हात वर

आमच्या गाळ्यात लाइट गेली की सगळ्यांनी दोन्ही हात वर करायचे, असा नियम होता. वर म्हणजे अगदी डोक्याच्या वर, पोलिसांनी पिस्तूल रोखल्यावर करतात तसे. हातात पातं असेल तर ते समोर ठेवायचं, मशीनपासून एक पाऊल मागे यायचं आणि हात वर धरून गप्प उभं राहायचं. मग त्या अर्धवट अंधारात आमचे फोरमन काका एकेका मशीनपाशी जायचे, त्याचा खटका खाली ओढायचे आणि पाचवं मशीन बंद झालं की ओरडायचे, "खाली!" तेव्हा कुठे आमचे हात खाली यायचे.

वागळे इस्टेटमधला तो गाळा सुऱ्यांचा होता. घरातल्या भाजीच्या सुऱ्या, हॉटेलातले मोठे चाकू, खाटकांचे सुरे. मी तिथे सुपरवायझर म्हणून लागले. डोंबिवलीहून रोज यायचे, डिप्लोमा झालेला, दोन नोकऱ्या करून आलेली, त्यामुळे नाक थोडं वरच होतं माझं. पहिल्याच दिवशी लाइट गेली आणि पंधरा-सोळा बाईमाणसं आणि बाप्ये माझ्या डोळ्यांदेखत हात वर करून उभे राहिले. मला इतकं हसू आलं, की मी तोंडावर फाइल धरली. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "तुझे कुठे आहेत गो?"

मी म्हटलं, "काका, मी मशीनवर नाहीये. सुपरवायझर आहे मी."

"हात आहेत ना तुला? मग वर."

केले वर. काय करणार? नवीन नोकरी होती.

बाकीचे लोक त्यांच्या पाठीमागे त्यांना 'हातवर' म्हणायचे. आजूबाजूच्या गाळ्यांतही तेच नाव. "तुमच्या हातवरला विचारा," "आज हातवर आलेला नाही का?" मूळचे चिपळूणकडचे, राहायला कळव्याला, आमच्याकडे फोरमन. उंच, सडसडीत, बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या. मनगटात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, गळ्यात काही नाही. बोलणं तुटक. कुणाशी गोड बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. पण आमच्या गाळ्यातून संध्याकाळी कुणी त्यांच्याशी बोलल्याशिवाय बाहेर पडू शकत नसे, कारण सुटायच्या वेळी ते दारात उभे राहायचे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. "किती?"

आपण दोन्ही पंजे पसरून दाखवायचे आणि म्हणायचं, "दहा."

"बरोबर. जा."

एवढंच. दुसऱ्या माणसाला पुन्हा "किती?" धार लावणारा एक जुना माणूस होता, त्याचं एक बोट आधीच्या कुठल्यातरी कारखान्यात गेलेलं. तो "नऊ" म्हणायचा. काका त्यालाही त्याच सुरात म्हणायचे, "बरोबर. जा." कुणी गंमत म्हणून "अकरा" म्हणालं तर त्याला बाजूला उभं करायचे, सगळे गेल्यावर पुन्हा विचारायचे. माल न्यायला आलेला टेम्पोवाला असो नाहीतर स्वतः शेठ असो, सुटका नाही. शेठ मोबाइलवर बोलत बोलत एका हाताचा पंजा दाखवायचे, तर हे म्हणायचे, "दुसरा?"

सकाळी उलटा प्रकार. दारातच एक फळी होती, तिला खिळे ठोकलेले, आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूने नाव. अंगठी, घड्याळ, कडं, नवसाचा दोरा, जे काय हातावर असेल ते त्या खिळ्याला टांगायचं आणि मगच आत. दोरे न निघणारे असतील तर काकांच्या खिशात कात्री. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तर कल्लोळ व्हायचा. "बहिणीने बांधलीय हो काका!" "बहिणीला भाऊ अख्खा हवाय," असं म्हणायचे आणि कच्चकन कापायचे. हातमोज्यांचंही तेच. बाहेरचा माणूस म्हणेल, सुऱ्यांचा कारखाना आणि हातमोजे नाहीत? पण फिरत्या चाकापाशी मोजा घातला तर चाक मोजा ओढतं आणि मोज्यातला हात त्याच्याबरोबर जातो. पात्यांचे ढीग उचलताना मोजे घालायचे, चाकापुढे बसताना काढायचे. हे मलाही त्यांनीच शिकवलं, माझ्या डिप्लोम्याने नाही.

वनिता आली तेव्हा त्या फळीपाशी मोठंच रामायण झालं. तिशीची बाई, कल्याणहून यायची, कामाला चटपटीत. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. काका म्हणाले, "काढ."

"काढ म्हणजे? माझा नवरा चांगला धडधाकट आहे!"

"त्याला राहू दे धडधाकट. तूपण राहा."

ती रडत माझ्याकडे आली. मॅडम म्हणायची नाही मला, ताई म्हणायची. "ताई, तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्हाला कळतं. बाईमाणसाला असं मोकळ्या हातांनी बसवतात का?" मी तणतणत गेले काकांकडे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग साबणाच्या पाण्याची वाटी आणली, वनिताला स्टुलावर बसवलं आणि तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या एकेक करून, एकही न फोडता, उतरवल्या. अर्धा तास गेला त्यात. मग त्या दोऱ्यात ओवून तिच्या खिळ्याला टांगल्या आणि म्हणाले, "वाढवल्या नाहीत, टांगल्यात. संध्याकाळी मी स्वतः देईन." आणि रोज संध्याकाळी, "किती?" विचारून झालं की तो जुडगा स्वतः तिच्या हातात द्यायचे. त्यानंतर वनिताने कधी तक्रार केली नाही. उलट नवीन बायका आल्या की तीच त्यांना साबणाची वाटी आणून द्यायची.

खरं सांगायचं तर मला या माणसाचा राग यायचा. सुपरवायझर मी, आणि माणसं ऐकणार त्यांचं. आणि त्यांची ती शिकवण! जेवणाच्या सुट्टीत आपण डबा खात बसलेलो, की हे मुद्दाम समोर चमचा पाडायचे. आपण झेलायला हात पुढे केला की खेकसायचे, "हात मागे! पडतंय ते पडू दे!" कारण पडती सुरी झेलायला जाणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सोपा मूर्खपणा. त्यांचं म्हणणं, "गावात पडत्याला हात द्यावा. इथे नाही." एवढं अंगात भिनलं ते, की एकदा घरी सासूबाईंच्या हातून चहाचा कप सुटला आणि मी दोन्ही हात पाठीमागे घेऊन एक उडी मागे मारली. कप फुटला. सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, पकडायचा ना! चांगल्या सेटमधला होता." काय सांगणार त्यांना?

सुरी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. आणि बर्फ. रोज सकाळी गाळ्यात यायच्या आधी काका नाक्यावरच्या उसाच्या रसवाल्याकडे जायचे आणि विचारायचे, "बर्फ आहे ना?" रस कधी प्यायचे नाहीत. त्या रसवाल्याला वाटायचं, म्हातारा सटकलेला आहे. मलाही तेच वाटायचं. मग एकदा त्यांनी त्यांच्या कपाटातला एक स्टीलचा डबा उघडून दाखवला. आत उकळून इस्त्री केलेली फडकी, प्लॅस्टिकच्या कोऱ्या पिशव्या आणि एक कागद, त्यावर मोठ्या अक्षरांत: बोट ओल्या फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही. "पाठ कर," म्हणाले. मला शिसारी आली. मी म्हटलं, "काका, किती वाईट चिंतता हो तुम्ही." त्यांनी डबा बंद केला.

त्यांच्याकडे बघून नवीन माणसाला वाटायचं, या माणसाची तीन-चार बोटं नक्की गेलेली असणार. पण त्यांची दहाच्या दहा होती. लांब, सरळ, नखं कापलेली, कुठे टाक्याची खूणसुद्धा नाही. एकदा डबा खाताना मी विचारलं, "काका, इतकी वर्षं पात्यांत काढली, तुमची सगळी शाबूत कशी?"

"तीच लाज आहे," म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं, एकदाच. तरुणपणी दोघं भाऊ एकाच कारखान्यात होते, थोरला भाऊ आणि हे. लाइट गेली. भावाने तेवढ्यात अडकलेली पट्टी काढायला मशीनमध्ये हात घातला. त्याच्या मशीनचा खटका चालूच राहिलेला. इकडे काकांना वाटलं, नुसता आपला फ्यूज उडालाय. ते मेनस्विचपाशी गेले, फ्यूज बसवला आणि कुणाला काही न विचारता स्विच वर केला. "आवाज आला ना, तो मला कळला," एवढंच म्हणाले. उजव्या हाताची चार बोटं. भाऊ गावी गेला. त्याला आता डाव्या हाताने जेवावं लागतं, म्हणून तो पंगतीला बसत नाही. लग्न असो, गणपती असो, सगळ्यांची पानं उठली की आत चुलीपाशी बसून जेवतो. "गणपतीला मी पण त्याच्याबरोबर आतच बसतो," काका म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं. त्यांचा डबा अर्धा शिल्लक होता.

त्या दिवसानंतर मी हात वर करताना हसले नाही. पण शहाणीही झाले नाही, ते पुढे येईलच.

मुद्दा खटक्यांचा होता. आमची मशीनं जुनी. लाइट गेली की मशीन थांबायचं, पण खटका वरच राहायचा, आणि लाइट आली की मशीन आपलं आपण सुरू. बाजारात असे खटके मिळतात, की लाइट गेली की तेही पडतात, आणि माणसाने पुन्हा बटण दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. काका दर सोमवारी शेठच्या केबिनमध्ये जाऊन दोनच शब्द बोलायचे, "शेठ, खटके." शेठ म्हणायचे, "दिवाळी होऊ दे." दिवाळ्या होत गेल्या. एकदा शेठ माझ्यासमोर हसत म्हणाले, "अहो, तुम्ही आहात ना! तुम्ही असताना खटके कशाला?" आणि मीही हसले. आमच्याकडे कधी अपघात झाला नाही तो या माणसामुळे, आणि अपघात होत नाही म्हणून खटके बदलायचे नाहीत, असा तो उफराटा न्याय. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी मी शेठपुढे तोंड उघडलं असतं असं नाही.

आता तो शुक्रवार. इस्टेटमध्ये शुक्रवार म्हणजे दुरुस्तीचा वार. शुक्रवारी सकाळी लाइट गेली की दुपारपर्यंत येत नाही हे इथल्या चहावाल्यालाही माहीत. त्या दिवशी हॉटेलच्या चाकूंची मोठी ऑर्डर निघायची होती. टेम्पो खाली उभा, शेठचे फोनवर फोन, माझं डोकं फिरलेलं. वनिता शेवटच्या, पाचव्या मशीनवर होती, पॉलिशच्या. त्यात दोन चाकं समोरासमोर फिरतात आणि मधून पातं ओढून काढायचं असतं. तिचं पातं तिरकं जाऊन दोन चाकांत अडकलं आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली.

काका ओरडले, "हात वर!"

सगळ्यांचे हात वर गेले. माझेही. वनिताचेही गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. काका पहिल्या मशीनकडे वळले.

मशीनं थांबली की आमचा गाळा इतका शांत व्हायचा, की वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकलेली ऐकू यायची. त्या शांततेत मी म्हणाले, "वनिता, ते पातं काढून घे तेवढ्यात. शुक्रवार आहे, लाइट काही आता येत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग काकांच्या पाठीकडे बघितलं. ते दुसऱ्या मशीनपाशी होते. "ताई, काका..." ती म्हणाली.

"अगं काढ. मी सांगतेय ना."

काका वळले. "नको!" म्हणून ओरडले. पण तिचे हात तोपर्यंत खाली आले होते, आणि लाइट आली.

त्या शुक्रवारी दुरुस्ती नव्हतीच. कुठेतरी काहीतरी क्षणभर तुटलं आणि जुळलं, एवढंच. मिनिटभरसुद्धा लाइट गेली नव्हती.

आवाजाबद्दल मी लिहिणार नाही. काका म्हणाले होते ना, तो मला कळला. मलाही कळला. आणि माझे हात अजून वरच होते, याची मला आजही इतकी किळस येते, की कधी कधी जेवताना घास खाली ठेवावा लागतो.

काकांनी काय केलं सांगते. त्यांनी मशीन बंद केलं, वनिताचा हात फडक्यात गुंडाळून उंच धरला, एकाला रसवाल्याकडे पिटाळलं. डबा उघडला. तीन बोटं ओल्या फडक्यात, फडकं पिशवीत, पिशवी बर्फावर. एकही गोष्ट चुकली नाही. टेम्पोतूनच दवाखान्यात नेलं तिला. तिथल्या डॉक्टरांनी पिशवी उघडून बघितली आणि म्हणाले, "तुम्ही फार व्यवस्थित आणलीत हो, पण ही चिरडलेली आहेत. कापलेली असती तर जोडली असती." काका म्हणाले, "बरं." आणि ती पिशवी परत मागून घेतली. तिचं पुढे काय केलं ते मला माहीत नाही.

संध्याकाळी ते गाळ्यावर परत आले आणि दारात उभे राहिले. मी म्हटलं, आज तरी नाही विचारणार. पण त्यांनी विचारलं, एकेकाला. माझी पाळी आली. "किती गो?"

"दहा."

ते माझ्या पंज्यांकडे बघत राहिले. "बरोबर" म्हणाले नाहीत. बाजूला सरकले आणि मला वाट दिली. मागे फळीवर वनिताच्या बांगड्या टांगलेल्या होत्या.

सोमवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार होता. त्याआधी शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता: लाइट गेल्यावर फोरमनने नेहमीची सूचना दिली नाही, आणि कामगार बाईने कुणी न सांगता स्वतःहून मशीनमध्ये हात घातला. खाली माझं नाव. शेठ म्हणाले, "हे बघा मॅडम, तो काय आज ना उद्या घरी बसणारच आहे. तुम्हाला अजून खूप वर्षं काम करायचंय. आणि दुसरा कागद करायचा झाला तर त्यात तुम्ही काय म्हणालात ते येईल." खटक्यांचं नाव कुणीच काढलं नाही.

मी सही केली. मला दोन मुलं आहेत, नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत होती, असं सगळं मी स्वतःला सांगून बघितलं आहे. ते खरंही आहे. पण मी सही केली ती भीतीने, माझं नाव येईल या भीतीने, आणि दुसरं काही नाही. त्या शांततेत माझं वाक्य गाळ्यातल्या प्रत्येकाने ऐकलं होतं. एकजात सगळे गप्प बसले. मी सुपरवायझर होते, आणि ज्याला त्याला आपापली नोकरी होती.

काकांना कागद दाखवला तेव्हा ते भांडतील असं मला वाटलं होतं. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो सावकाश वाचला आणि म्हणाले, "मी दुसऱ्या मशीनपाशी होतो. सुरुवात पाचव्यापासून करायला हवी होती, अडकलेलं तिथे होतं." म्हणजे माझ्या खोटेपणातही या माणसाने स्वतःची चूक शोधून काढली! त्याच दिवशी त्यांनी काम सोडलं. जाताना फळीवरच्या वनिताच्या बांगड्या काढून कागदात बांधल्या, कल्याणला तिच्या घरी गेले आणि तिच्या नवऱ्याच्या हातात दिल्या. महिन्याभरात पाचही मशीनांना नवे खटके बसले. शेठने मला ते कौतुकाने दाखवलेही. मी पुढे वर्षभर टिकले तिथे, मग सोडली नोकरी.

वनिताने केस केली. तिने पहिल्यापासून खरं तेच सांगितलं, की हात वर केले होते, ताईने पातं काढायला सांगितलं म्हणून मशीनमध्ये घातले. पण समोर माझ्या सहीचा कागद होता, त्यामुळे तीच खोटारडी ठरत होती. मला एकदा ती स्टेशनबाहेर भाजीच्या गाडीपाशी दिसली. उजवा हात ओढणीखाली झाकून घेतलेला, डाव्या हाताने भेंडी निवडत होती. मला बघून ती काही वाईटसाईट बोलली नाही. "बऱ्या आहात ना ताई?" म्हणाली. मग आपणहूनच म्हणाली, "संक्रांतीला मी आता कुठे जात नाही हो. डाव्या हाताने कुंकू लावलेलं बायकांना चालत नाही." घरी येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि रडण्याने काही होत नाही हे माहीत असूनही रडले.

तिच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं. तारखेच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, मी कळव्याला काकांच्या घरी गेले. पत्ता जुन्या रजिस्टरमधून उतरवून घेतला होता. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं. काका खिडकीशी खुर्चीत बसलेले, वाळले होते बरेच. बाह्या तशाच कोपराच्या वर. "ये," म्हणाले. डोक्यावर पंखा फिरत होता. मी पावसाचं बोलले, मुलांच्या शाळेचं बोलले, काय वाट्टेल ते बोलले. ते ऐकत राहिले. ज्यासाठी आले होते ते सोडून मी सगळं बोलत होते, आणि त्यांना ते कळत होतं.

आणि लाइट गेली.

पंखा मंद होत होत थांबला. माझे हात आपोआप वर गेले. समोर बघते तर काकांचेही वर. दोघं समोरासमोर, हात वर करून. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना याचं नवल नव्हतं. मी वाट बघत होते, की ते आता उठतील, पंख्याचं बटण बंद करतील आणि "खाली" म्हणतील. ते उठले नाहीत.

"आता सांग," म्हणाले.

हात वर धरून मी सांगितलं. "काका, तुम्ही ओरडला होतात. तिने हात वर केले होते. मी तिला काढ म्हणाले. ती तुमच्याकडे बघत कचरत होती, मी पुन्हा काढ म्हणाले. शेठच्या कागदावर मी सही केली, तो खोटा आहे हे माहीत असताना केली." सांगता सांगता खांदे भरून आले, पण हात खाली घ्यायची हिंमत झाली नाही. "मला माफ करा."

"माझं काय घेऊन बसलीस," म्हणाले. "मी कोण माफ करणारा?" मग सावकाश उठले, भिंतीपाशी गेले, पंख्याचं बटण बंद केलं. "खाली."

मी हात खाली घेतले. काकूंनी केलेला चहा घेतला, तो गार झाला होता. निघताना ते दारापर्यंत आले आणि चौकटीला हात लावून उभे राहिले, गाळ्यात राहायचे तसे.

"किती गो?"

मी पंजे पसरले. "दहा."

ते हलले नाहीत. "आणि तिची?"

इतक्या दिवसांत हा आकडा मी एकदाही तोंडाने उच्चारला नव्हता. "सात," मी म्हणाले.

"बरोबर," ते म्हणाले. "जा. उद्या विचारतील तेव्हा असंच सांग."

दुसऱ्या दिवशी ठाण्याला कोर्टात मला विचारलं, आणि मी सांगितलं. शेठचा वकील मध्ये मध्ये उठत होता, तुमच्या सहीचं काय म्हणून विचारत होता. सही माझी आहे आणि कागद खोटा आहे, असं मी दोनदा सांगितलं. वनिता समोरच्या बाकावर बसली होती, उजवा हात नेहमीसारखा ओढणीखाली. माझं बोलून होईपर्यंत तिने तो ओढणीतून बाहेर काढला होता आणि सगळ्यांच्या देखत मांडीवर ठेवला होता.